सायन-पनवेल रस्त्यावरच्या दोन फायनल

पनवेलहून मुंबईकडे निघालेली हार्बर लोकल खांदेश्वर, मानसरोवर, खारघर, बेलापूर, सीवूड्स करत सहाव्या थांब्याला नेरुळला पोचते. रस्त्यानं गेलं तर सायन-पनवेल महामार्गाच्या कडेलाच डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियमचं भलंमोठं छत दिसू लागतं. पनवेल, खारघर, कामोठे, कळंबोली इथल्या माणसांच्या बोलण्यात हे मैदान येतं ते आयपीएलमुळे, मोठ्या गाण्यांच्या कार्यक्रमांमुळे आणि त्या दिवशी तुंबणाऱ्या वाहतुकीमुळे. पण २०२२ या एका वर्षात, नऊ महिन्यांच्या आत, याच मैदानावर आंतरराष्ट्रीय फुटबॉलच्या दोन स्पर्धांचे अंतिम सामने झाले. ६ फेब्रुवारीला महिलांच्या आशियाई चषकाचा आणि ३० ऑक्टोबरला १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा. त्यातली पहिली लढत तर आशियाई फुटबॉलच्या इतिहासातल्या सर्वात थरारक फायनलपैकी एक होती. हे दोन्ही सामने आपल्या भागाच्या इतिहासात ठळकपणे नोंदले जायला हवेत असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे प्रकरण त्यांच्यासाठी.

आधी मैदानाविषयी. हे स्टेडियम मार्च २००८ मध्ये खुलं झालं. आराखडा हफीझ कॉन्ट्रॅक्टर यांचा. छत असं पेललेलं आहे की प्रेक्षकांच्या नजरेआड येणारा एकही खांब मध्ये नाही. ज्यांच्या नावानं ते ओळखलं जातं ते डॉ. डी. वाय. पाटील मूळचे कोल्हापूरचे, म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वात फुटबॉलवेड्या शहराचे, पण स्टेडियम बांधलं गेलं क्रिकेटसाठी. त्याच वर्षी १ जूनला पहिल्या आयपीएलची फायनल इथं झाली आणि राजस्थाननं चेन्नईला शेवटच्या चेंडूवर हरवलं.

क्रिकेटच्या मैदानावर फुटबॉल खेळवणं हे वाटतं तितकं सोपं काम नाही. क्रिकेटची खेळपट्टी चिकणमातीची, रोलर फिरवून दगडासारखी घट्ट केलेली असते. तिच्यावर चेंडू वेगळाच उसळतो आणि धावत्या खेळाडूच्या बुटाचे खिळे तिच्यात रुततच नाहीत. फुटबॉलला १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असं सलग, सारख्या मऊपणाचं हिरवळीचं मैदान लागतं. त्यामुळे मधल्या खेळपट्ट्यांच्या जागी गवत बसवावं लागतं, ते मुळं धरेपर्यंत थांबावं लागतं, आणि पाण्याचा निचरा सगळीकडे सारखा होतो की नाही हे पाहावं लागतं. नेरुळला हे काम आधीही झालेलं होतं. इंडियन सुपर लीगचा पहिला हंगाम २०१४ मध्ये सुरू झाला तेव्हा मुंबई सिटीचा संघ इथंच खेळायचा आणि त्या हंगामाची फायनलही इथंच झाली. २०१७ मध्ये भारतात १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला, त्यातली माली आणि स्पेन यांची उपांत्य लढत याच मैदानावर रंगली. स्पेननं ती ३-१ अशी जिंकली.

आता जानेवारी २०२२ कडे येऊ. महिलांचा आशियाई चषक पहिल्यांदाच १२ संघांचा झाला होता, आधीच्या स्पर्धेत आठ संघ होते. सामन्यांसाठी निवडलेली तिन्ही मैदानं महाराष्ट्रातली होती: नेरुळचं हे स्टेडियम, अंधेरीचं मुंबई फुटबॉल अरेना आणि पुण्यातलं बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडा संकुल. सामने सुरू झाले २० जानेवारीला, नेमके कोविडच्या ओमायक्रॉनची लाट सुरू असताना. प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. संघ हॉटेल, सराव आणि मैदान एवढ्याच वर्तुळात फिरत होते.

यजमान असल्यानं भारताला या स्पर्धेत थेट जागा मिळाली होती. गटात चीन, चायनीज तैपेई आणि इराण. पहिल्याच दिवशी नेरुळला भारताची इराणशी ०-० अशी बरोबरी झाली. संधी पुष्कळ मिळाल्या होत्या, गोल झाला नाही, पण हाती एक गुण होता. दुसरा सामना २३ जानेवारीला चायनीज तैपेईशी. तो झालाच नाही. भारतीय चमूतल्या इतक्या जणींना कोविडची लागण झाली होती की सामन्यासाठी लागणाऱ्या किमान १३ खेळाडूही उभ्या करता येईनात. स्पर्धेचा नियम असा होता की १३ खेळाडू देऊ न शकणारा संघ स्पर्धेतून माघार घेतल्याचं धरलं जाईल. मग त्याचे आधी झालेले सामनेही रद्द होतात. म्हणजे इराणविरुद्धची बरोबरीसुद्धा पुसली गेली आणि नोंदीत भारत या स्पर्धेत एकही सामना न खेळलेला संघ ठरला.

यात काय गेलं हे नीट समजून घ्यायला हवं. हीच स्पर्धा २०२३ च्या महिला विश्वचषकाची पात्रता फेरी होती. उरलेल्या ११ संघांतले आठ उपांत्यपूर्व फेरीत जाणार होते. ऑस्ट्रेलिया विश्वचषकाचा सहयजमान म्हणून आधीच पात्र होता. त्याच्याखेरीज उपांत्यपूर्व फेरी गाठलेल्या प्रत्येक संघापुढे विश्वचषकाचा दरवाजा उघडा राहिला, कुणासाठी सरळ, तर कुणासाठी आणखी एका पात्रता फेरीतून. भारतीय महिला फुटबॉल विश्वचषकाच्या इतका जवळ तोवर कधीच आला नव्हता, तोही घरच्या मैदानावर. २६ जानेवारीला, प्रजासत्ताक दिनी, भारताचा सामना चीनशी होणार होता. तोही झाला नाही, आणि चीन पुढं जात राहिला.

चीनची कहाणी इथून वाचण्यासारखी आहे. एकेकाळी आशियाई महिला फुटबॉल म्हणजे चीन असंच समीकरण होतं. १९८६ पासून १९९९ पर्यंत ओळीनं सात वेळा त्यांनी हा चषक जिंकला. मग २००६ मध्ये एकदा, आणि त्यानंतर १६ वर्षं काहीच नाही. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तर त्यांची वाताहत झाली: ब्राझीलकडून ०-५ आणि नेदरलँड्सकडून २-८ अशी हार, झाम्बियाशी कशीबशी ४-४ बरोबरी. त्यानंतर संघाची सूत्रं शुई चिंगश्या यांच्याकडे आली. सुवर्णकाळातल्या चिनी संघात त्या स्वतः खेळल्या होत्या. भारतात येताना त्यांच्या हाताखाली संघ येऊन जेमतेम काही आठवडे झाले होते. गटात त्यांनी चायनीज तैपेईला ४-० आणि इराणला ७-० हरवलं. खरी परीक्षा ३ फेब्रुवारीला बालेवाडीत झाली. समोर जपान, आधीच्या दोन्ही स्पर्धांचा विजेता. जपान दोनदा पुढं गेला आणि चीननं दोनदा गाठलं. दुसरी बरोबरी ज्यादा वेळेच्या ११९ व्या मिनिटाला, कर्णधार वांग शानशान हिनं साधली. मग पेनल्टी शूटआउटमध्ये गोलरक्षक झू यू हिच्या हातांवर चीन ४-३ असा फायनलला पोचला.

दुसऱ्या बाजूनं दक्षिण कोरिया. हा संघ या स्पर्धेच्या फायनलमध्ये पहिल्यांदाच आला होता. वाटेत त्यांनी ऑस्ट्रेलियाला १-० असं बाहेर काढलं होतं, त्या ऑस्ट्रेलियाला ज्याची सॅम कर इथं सर्वाधिक सात गोल करून गेली. तो विजयी गोल जी सो-युनचा, ८७ व्या मिनिटाला. जी सो-युन तेव्हा इंग्लंडमध्ये चेल्सीकडून खेळत होती आणि आशियातल्या सर्वोत्तम मध्यरक्षकांत गणली जात होती.

६ फेब्रुवारी २०२२ हा दिवस महाराष्ट्र विसरणार नाही, पण तो फुटबॉलमुळे नव्हे. त्या सकाळी मुंबईत लता मंगेशकर गेल्या. संध्याकाळी शिवाजी पार्कवर शासकीय इतमामात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. घराघरांतले टीव्ही तिकडे लागले होते, आणि तसंच व्हायला हवं होतं. त्याच संध्याकाळी खाडीपलीकडे नेरुळला, रिकाम्या स्टेडियममध्ये आशियाई चषकाची फायनल खेळली जात होती. या सामन्याची आठवण इथं कुणाजवळ नाही याचं सर्वात खरं कारण मला हेच वाटतं.

सामना सुरू झाला आणि कोरियानं तो ताब्यात घेतला. २७ व्या मिनिटाला ली गुम-मिननं उजवीकडून आत दिलेल्या चेंडूवर चोए यू-रीनं गोल केला. मध्यंतराला काही क्षण उरले असताना चिनी खेळाडूच्या हाताला चेंडू लागला, पंचांनी पेनल्टी दिली आणि जी सो-युननं ती जाळ्यात घातली. २-०. मध्यंतर.

हाताला चेंडू लागला की पेनल्टी, असं सरसकट नसतं. नियम पाहतो तो हात कुठे होता ते. शरीराच्या हालचालीत जिथं हात असणं साहजिक आहे तिथं असेल, तर सहसा गुन्हा धरत नाहीत. हात पसरून शरीराचा आकार अकारण वाढवला असेल तर धरतात. खांद्याला लागलेला चेंडू हाताला लागलेला मानत नाहीत आणि ती सीमा काखेच्या खालच्या टोकाच्या पातळीवर आखली आहे. वेगानं आलेला चेंडू दंडाच्या वर लागला की खाली, हे मैदानावरच्या पंचाला दिसेलच असं नाही. म्हणून या स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीपासून व्हिडिओ पंच होते. त्यांना तेव्हा मधे पडता येत होतं ते चारच बाबतींत: गोल झाला की नाही, पेनल्टी, थेट लाल कार्ड, आणि शिक्षा चुकीच्या खेळाडूला झाली का. बाकी सगळं मैदानावरच्या पंचाचं. या फायनलमध्ये दोन्ही संघांना एकेक पेनल्टी मिळाली आणि दोन्ही हाताला लागलेल्या चेंडूमुळेच.

चीनची पेनल्टी ६८ व्या मिनिटाला तांग जियालीनं घेतली. पेनल्टीचा ठिपका गोलपासून ११ मीटरवर, गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. शांत डोक्याच्या खेळाडूसाठी हे गणित सोपं असतं, पण फायनलमध्ये दोन गोलांनी मागे असताना डोकं शांत ठेवणं हेच अवघड. तांगनं गोल केला. चारच मिनिटांनी तिनं बाजूनं उंच चेंडू टाकला आणि झांग लिन्याननं डोक्यानं तो आत धाडला. झांग अंगानं लहानखुरी, उंच बचावफळीच्या मधून हेडर मारण्यासाठी तिची निवड कुणी केली नसती. २-२.

फुटबॉलमध्ये दोन गोलांची आघाडी निसरडी असते असं जुने प्रशिक्षक सांगतात आणि या सामन्यात त्याचं कारण दिसतं. ३-० वर पुढचा संघ निवांत खेळतो, १-० वर जागा राहतो. २-० वर तो अर्धा बचाव करतो आणि अर्धा हल्ला, कोणतंच काम पुरतं होत नाही. मग एक गोल बसला की आघाडी एवढीशी उरते आणि धास्ती मात्र दुप्पट होते. कोरियाच्या बचावफळीचं तेच झालं. शेवटच्या टप्प्यात त्यांनाही पुढं जाण्याच्या संधी आल्या, पण झू यू उभी होती.

इथं राखीव खेळाडूंची बाजू समजून घ्यायला हवी. कोविडच्या काळात फुटबॉलमध्ये तीनऐवजी पाच बदल करायची मुभा दिली गेली आणि २०२२ मध्येच ती कायमची झाली. पाच बदल म्हणजे गोलरक्षक सोडून मैदानावरचा अर्धा संघ ताजा करता येतो. कागदावर हा छोटा नियम आहे, पण त्यानं शेवटच्या अर्ध्या तासाचा फुटबॉल बदलून टाकला. पूर्वी दमलेल्यांशी दमलेले खेळायचे, आता दमलेल्या बचावासमोर ताजे पाय येतात. चीन तीनच दिवसांपूर्वी जपानशी १२० मिनिटं खेळून आलेला होता, तरी शेवटी जास्त धावला तोच. सामन्याच्या ९० व्या मिनिटानंतरही तिसरं मिनिट लोटत असताना बदली म्हणून आलेली शाओ युयी चेंडू घेऊन आत शिरली आणि तिनं तो कोपऱ्यात सारला. ३-२. चीननं नवव्यांदा चषक उचलला. स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू वांग शानशान ठरली.

जी सो-युनच्या पिढीनं कोरियाचं महिला फुटबॉल या उंचीवर आणलं होतं आणि चषक अगदी जवळ आला होता. रिकाम्या स्टेडियममध्ये हरलेल्या त्या संघाविषयी मला आजही हळहळ वाटते.

त्याच दिवशी, त्याच शहरात आणखी एक सामना झाला, त्याचं नावही इथं कुणी घेत नाही. व्हिएतनामनं चायनीज तैपेईला २-१ हरवलं आणि इतिहासात पहिल्यांदा महिला विश्वचषक गाठला. फिलिपिन्सचा संघ त्याआधी काही दिवस पुण्यात पात्र ठरला होता, तोही पहिल्यांदाच, पेनल्टी शूटआउट जिंकून. पुढच्या वर्षी न्यूझीलंडमध्ये फिलिपिन्सनं यजमानांनाच १-० असं हरवून दाखवलं. या दोन देशांच्या फुटबॉलचा इतिहास लिहायचा तर त्यात नवी मुंबई आणि पुणे ही गावं येणारच.

भारतासाठी हा चषक अगदी परका होता असंही नाही. १९८० च्या सुरुवातीला ही स्पर्धा केरळात कालिकतला झाली होती आणि भारतीय मुली फायनलला पोचल्या होत्या. त्यात त्या तैवानकडून, म्हणजे आताच्या चायनीज तैपेईकडून, हरल्या. १९८३ मध्ये बँकॉकला त्या पुन्हा फायनल खेळल्या आणि थायलंडकडून हरल्या. म्हणजे जपान आणि कोरिया महिला फुटबॉलमध्ये कुठंच नव्हते तेव्हा भारत आशियात दुसरा होता. शांती मल्लिक यांना १९८३ चा अर्जुन पुरस्कार मिळाला, तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू. पुढं चीन, जपान, कोरिया यांनी शाळांतून, क्लबांतून आणि सरकारी पैशातून संघ घडवले. आपल्याकडे मुलींचा फुटबॉल वर्षानुवर्षं दोनचार उत्साही माणसांच्या खांद्यावर राहिला. नेरुळला चीन आणि कोरिया फायनल खेळत होते त्यामागं ही चाळीस वर्षं आहेत.

दुसरी फायनल ऑक्टोबरची. १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात खरं तर २०२० मध्ये व्हायचा होता. कोविडमुळे तो पुढं ढकलला, मग रद्द झाला आणि भारताला २०२२ चं यजमानपद मिळालं. वयोगटाच्या स्पर्धेत दोन वर्षं म्हणजे अख्खी एक पिढी असते. २०२० साठी तयारी करत असलेल्या, २००३ आणि २००४ साली जन्मलेल्या मुली वयातून बाहेर पडल्या. घरच्या मैदानावर विश्वचषक खेळायचा म्हणून ज्यांनी शाळा आणि घर सोडून शिबिरांत दिवस काढले त्यांना तो मिळालाच नाही. त्यांच्या जागी २००५ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलींची नवी फळी उभी करावी लागली.

त्यातच ऑगस्ट २०२२ च्या मध्यावर फिफानं भारतीय फुटबॉल महासंघालाच निलंबित केलं. महासंघाच्या कारभारात त्रयस्थांचा हस्तक्षेप होतोय हे कारण. स्पर्धा हातची जाते की काय अशी वेळ आली होती. २६ ऑगस्टला निलंबन उठलं आणि ११ ऑक्टोबरला भुवनेश्वरला पहिला सामना झाला. भारत अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ असा हरला. झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली अस्तम ओराँव कर्णधार होती, पुण्याची काजोल डिसूझा संघात होती. या आकड्यांवरून त्या मुलींना कमी लेखणं मला पटत नाही. समोरच्या मुली लहानपणापासून नियमित स्पर्धात्मक सामने खेळत आलेल्या होत्या, आपल्या मुलींना असे सामने फारसे मिळाले नव्हते.

भुवनेश्वर, गोव्यातलं फातोर्डा आणि नेरुळ अशा तीन ठिकाणी सामने झाले, आणि ३० ऑक्टोबरला नेरुळला एकाच संध्याकाळी दोन. आधी तिसऱ्या क्रमांकासाठी नायजेरिया आणि जर्मनी. नायजेरिया ३-० पुढं होता, जर्मनीनं तीनही गोल फेडले आणि मग शूटआउटमध्ये नायजेरिया ३-२ असा जिंकला. या वयोगटात बरोबरी झाली की ज्यादा वेळ न खेळवता थेट पेनल्टी घेतात. १६-१७ वर्षांच्या मुलींना थोड्या दिवसांच्या अंतरानं इतके सामने खेळवायचे, तर हा नियम शहाणपणाचाच आहे. नायजेरियाचं या स्पर्धेतलं ते पहिलंच पदक.

फायनल स्पेन आणि कोलंबिया यांच्यात. दोन्ही संघ गटसाखळीतही एकमेकांसमोर आले होते आणि स्पेननं १-० असा विजय मिळवला होता. स्पेन आधीच्या, २०१८ च्या स्पर्धेचा विजेता. त्यांच्याकडे व्हिक्की लोपेझ होती, वय १६. कोलंबियाकडे लिंडा कायसेदो, वय १७, आणि तोवर ती देशाच्या मोठ्या संघाकडून कोपा अमेरिका खेळून त्या स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू ठरली होती. फिफाच्या कोणत्याही विश्वचषकाच्या फायनलमध्ये कोलंबियाचा संघ पहिल्यांदाच खेळत होता, मुलांचा धरूनही.

ऐंशी मिनिटं गोल झाला नाही. ८२ व्या मिनिटाला कोलंबियाच्या गोलसमोर गर्दी झाली आणि चेंडू बचावपटू अना मारिया गुझमानला लागून तिच्याच गोलात गेला. सामना तिथंच ठरला. स्पेन १-०, आणि स्पर्धेचा सुवर्ण चेंडू व्हिक्की लोपेझला.

स्वयंगोलाबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण त्याच्या नावातच दोषारोप आहे. गोलसमोरच्या पाच-सहा मीटरांत बचावपटूला दोनच पर्याय असतात, पाय घालायचा किंवा बाजूला राहायचं. बाजूला राहिलं तर मागचा आक्रमक चेंडू हमखास आत ढकलतो, म्हणून बचावपटू पाय घालतो. शंभरदा घातलेल्या पायापैकी एखाद्या वेळी चेंडू उलटा फिरतो, आणि नोंदवहीत तेवढाच राहतो. उरलेले नव्व्याण्णव प्रसंग कुणी लिहून ठेवत नाही.

गुझमानच्या बाबतीत मात्र पुढचं पान लिहिलं गेलं. दहा महिन्यांच्या आत, ऑगस्ट २०२३ मध्ये, ती १८ वर्षांची असताना कोलंबियाच्या मोठ्या संघातून विश्वचषकात उतरली. मेलबर्नला जमैकाविरुद्ध बाद फेरीचा सामना होता. नेहमीची बचावपटू निलंबित, म्हणून हिला संधी मिळाली. तिनं डावीकडून दूरवर तंतोतंत चेंडू दिला आणि कातालिना उस्मेनं त्यावर सामन्यातला एकमेव गोल केला. त्या गोलानं कोलंबिया पहिल्यांदा महिला विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत गेली. त्याच स्पर्धेत लिंडा कायसेदोनं जर्मनीविरुद्ध केलेला गोल जगभर पुन्हा पुन्हा पाहिला गेला. स्पेननं तर तो विश्वचषकच जिंकला. ऑगस्ट २०२२ मध्ये २० वर्षांखालचा, ऑक्टोबरमध्ये नेरुळला १७ वर्षांखालचा आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सिडनीला मुख्य विश्वचषक, तिन्ही एकाच वेळी स्पेनकडे. व्हिक्की लोपेझ २०२५ मध्ये जगातली सर्वोत्तम तरुण महिला खेळाडू म्हणून कोपा करंडकाची मानकरी झाली. हे पुढचे सगळे चेहरे सायन-पनवेल रस्त्याच्या कडेला खेळून गेले, तिकीट काढून कुणालाही पाहता येत होते.

या दोन फायनल इथं कुणाच्या लक्षात राहिल्या नाहीत त्या महाराष्ट्राला फुटबॉल माहीत नाही म्हणून, असं म्हणता येत नाही. मुंबईत रोव्हर्स कप १८९१ पासून खेळला गेला आणि कूपरेजच्या मैदानानं अनेक पिढ्या पाहिल्या. कोल्हापुरात आजही पेठापेठांच्या तालमींचे संघ शाहू स्टेडियममध्ये उतरले की गाव तिथं लोटतं. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव त्याच कोल्हापूरचा. पण ही आवड आपल्या पेठेच्या, आपल्या पोरांच्या संघाशी बांधलेली आहे. परक्या देशांच्या मुली खेळताना केवळ खेळासाठी जाऊन बसावं, ही सवय आपल्याकडे अजून रुजलेली नाही. आपला संघ असला की काय होतं हे याच मैदानानं दाखवलंय. २ नोव्हेंबर २०२५ ला महिला क्रिकेट विश्वचषकाची फायनल नेरुळला झाली, पावसामुळे उशिरा सुरू झाली तरी कुणी जागचं हललं नाही, आणि भारतानं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं तेव्हा पनवेलपर्यंत फटाके वाजले.

फुटबॉलच्या मुलींची गाडीही जागची हललेली आहे. ५ जुलै २०२५ ला थायलंडमध्ये च्यांग मायला भारतानं थायलंडला त्यांच्याच घरी २-१ हरवलं. दोन्ही गोल बंगालच्या संगीता बासफोरचे. त्या विजयानं भारत २०२६ च्या आशियाई चषकाला पात्र ठरला. पात्रता फेरी खेळून, जिंकून या चषकात जाण्याची ही भारताची पहिलीच वेळ. नेरुळला जागा यजमान म्हणून मिळाली होती आणि १३ खेळाडूंअभावी ती गेली. या वेळची जागा त्यांनी मैदानावर कमावलेली आहे.